न निघालेला अंक

सरस्वतीपूजेच्या सकाळी भवानीदांच्या अंगणात लेखकांची झडती होते, हे सुतपा बागचीला इतक्या वर्षांनंतरही लख्ख आठवत होतं. म्हणून तिने पेन्सिल चष्म्याच्या घरात लपवली. पेन्सिल बोटभर, झिजलेली. पेन मात्र तिने पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं, सहज हाती लागावं असं.

झडती बौदी घ्यायच्या. त्या भवानीदांच्या पत्नी आणि सगळ्या गल्लीच्या बौदी, म्हणजे वहिनी. आता पाठीत वाकल्या होत्या, पण पितळी परात कमरेवर धरून फिरायची ढब तीच होती. परातीत पेनं, बॉलपेनं, एक कंपासपेटी, कुणाच्या तरी मुलाच्या रंगकांड्या. त्या दिवशी लिहायचं नाही, वाचायचं नाही. लिहिण्यावाचण्याचं सगळं साहित्य देवीच्या पायाशी. दुसऱ्या दिवशी दही-पोह्यांचा नैवेद्य झाला, बेलाच्या पानावर दुधाने अक्षरं काढली, की मग आपापलं पेन परत मिळायचं.

"एकच?" सुतपाचं पेन उचलून बौदी म्हणाल्या.

"एकच आहे, बौदी."

"हा निरुपम बघ. चार निघाली त्याच्या खिशातून. आणि लिहितो वर्षाला दोन कविता."

"त्यातली एक बरी असते," निरुपम कुंडू म्हणाला. त्याचं बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं. नळ, खिळे, पत्रे विकत तो म्हातारा झाला होता आणि कविता लिहायचा. सुतपाच्याच वयाचा, तिच्याच बरोबर या अंगणात पहिल्यांदा आलेला.

"दुसरीचं काय?"

"दुसरी तुम्हाला वाचून दाखवतो ना."

परात पुढे सरकली ती ऊर्णाजवळ थांबली. ऊर्णा कॉलेजात शिकवायची आणि गोष्टी लिहायची. बसंती रंगाची साडी नेसून, केसांत पळसाचं फूल खोचून आली होती. तिच्याकडे पेन नव्हतंच.

"मी मोबाइलवर लिहिते, बौदी."

"मग मोबाइल ठेव."

"आईचा फोन आला तर?"

"देवी घेईल," बौदी म्हणाल्या आणि परात पुढे केली. ऊर्णाने फोन बंद करून कंपासपेटीच्या शेजारी ठेवला. अंगणात हशा पिकला. आरामखुर्चीत माकडटोपी घालून बसलेले भवानीदाही हसले, आणि हसताना खोकले.

सुतपा हसली, पण तिचं लक्ष चष्म्याच्या घराकडे होतं.

गोष्ट अशी होती. सिलिगुडीच्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून ती गेल्या वर्षी निवृत्त झाली, आणि कोजागरीच्या लक्ष्मीपूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तिने कादंबरी लिहायला घेतली. रोज एक पान. जास्त सुचलं तरी एकच, न सुचलं तरी एक. पान झालं की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात फुली. चैत्र संपायच्या आत शेवटचं पान. आयुष्यभर प्रयोगशाळेत वजनं-मापं केलेली बाई, तिला असाच नेम जमण्यासारखा होता. तापात तिने लिहिलं, भाचीच्या लग्नात मांडवामागे बसून लिहिलं, इथे येतानाही बस हलत होती तरी लिहिलं. कॅलेंडरवर एकही चौकोन रिकामा नव्हता.

आणि नेमकी ही पूजा आली, आणि इतक्या वर्षांनी बौदींचं बोलावणंही.

नेम एकदा मोडला की मोडला, अशी तिची पक्की धारणा होती. ती कुणी सांगितलेली नव्हती, भोगलेली होती.

तेव्हा ती विशीत होती. भवानीदा कोर्टात पेशकार होते आणि घराच्या मागच्या खोलीतून 'डिंगी', म्हणजे होडी, या नावाचं मासिक काढायचे. मासिक म्हणायचं इतकंच, दर दोन महिन्यांनी निघायचं. स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची, सायक्लोस्टाइलच्या मशीनवर हँडल फिरवून पानं काढायची. रविवारी दुपारी ती खोली शाईने आणि रूळ पुसायच्या रॉकेलने इतकी कोंदलेली असायची की सोमवारी शिकवणीला येणाऱ्या मुली तिच्या ओढणीचा वास घेऊन विचारायच्या, दीदी, घरी स्टोव्ह पेटत नाही का? तिला तो वास आवडायचा. मातीच्या भांड्यातला चहा यायचा, त्यालाही रॉकेलचा वास. पानं सुकत टाकायला जागा नसायची, म्हणून ती बौदींच्या पलंगावर, पलंगाखाली, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पसरलेली असायची. संध्याकाळी सगळे आत्रेयी नदीच्या काठाने चालत जायचे. कोण काय लिहिणार याच्या गप्पा चालायच्या, आणि ते सगळं लिहून झाल्यासारखंच वाटायचं.

त्या दिवसांत एका पूजेच्या दुसऱ्या सकाळी, बेलाच्या पानावर बोरूने दूध उमटवताना, सगळे मनातल्या मनात वर्षाचा संकल्प करत होते. दूध सुकलं की अक्षर दिसेनासं व्हायचं. पान विसर्जनात नदीला जायचं. कुणाचा संकल्प काय, कुणाला कळायचं नाही. सुतपाला हे काही पटलं नव्हतं. आदल्या वर्षी तिने दुधाने लिहिलेलं पान कंदिलाच्या काचेवर धरून पाहिलं होतं, कागदावर उमटतं तसं उमटतं का म्हणून. पान नुसतं करपलं. तेव्हा त्या वर्षी तिने सगळ्यांसमोर मोठ्यांदा सांगितलं, "डिंगीच्या प्रत्येक अंकाला माझी एक कथा. एकही अंक सोडणार नाही."

"लिहून घ्या रे," निरुपम म्हणाला होता.

आणि तिने दिल्या. एक, मग दुसरी. लोक वाचायचे, बाजारात कुणीतरी थांबवून विचारायचं, त्या डाकबंगल्यातल्या बाईचं पुढे काय झालं. मग आषाढात बाबांना अर्धांगाचा झटका आला. ती रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. अंकाची तारीख आली आणि गेली. कथा नव्हती. तिने चिठ्ठी पाठवली नाही, काय लिहिणार होती? सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलेलं. पुढच्या रविवारी ती गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग भवानीदांची गल्ली टाळून मासळीबाजारावरून वळसा घालून जायची सवय लागली. बाबा गेले, सिलिगुडीला नोकरी लागली, आई तिकडे आली. लिहिणं जे थांबलं ते थांबलं. अधूनमधून वही उघडायची, पण पहिल्या ओळीच्या आधी तो न दिलेल्या कथेचा अंक डोळ्यांसमोर यायचा. तिच्याशिवाय निघालेला. तिच्या जागेवर दुसऱ्या कुणाची तरी कथा छापलेला.

म्हणून या वेळी खंड पडू द्यायचा नव्हता. खंड पडला तर पुन्हा तेच होईल याची तिला जवळजवळ खात्री होती. आत्ता कादंबरीतली हिरणबाला घाटावर उभी होती, नाव पलीकडून सुटलेली, आणि शेवट अगदी बोटांच्या टोकाशी आला होता.

पूजा झाली, पुष्पांजली झाली. उपाशी बसलेली पोरं बोरांवर तुटून पडली, कारण पूजेआधी बोर खाल्लं की परीक्षेत नापास, ही भीती वर्षभर पुरलेली होती. दुपारी ओसरीवर पंगत बसली. शालपानांच्या पत्रावळी, मुगाची खिचडी, लाबड्याची मिसळभाजी, तळलेली वांगी. भवानीदांना खुर्चीतच ताट दिलं.

ऊर्णा भवानीदांसमोर मांडी घालून बसली होती. 'डिंगी'वर तिला एक लेख लिहायचा होता.

"दादू, मला कागद नाही, पेन नाही, फोनसुद्धा नाही," ती म्हणाली. "तुम्ही हळू सांगा, मी लक्षात ठेवते."

"आमच्या वेळी सगळे लक्षातच ठेवायचे," भवानीदा म्हणाले.

"म्हणूनच काही राहिलं नाही," खिचडीचं पातेलं घेऊन येताना बौदी म्हणाल्या.

"पंचवीस वर्षं, दर दोन महिन्यांनी, एकही अंक न चुकता. असंच लिहू ना?"

"असंच लिही." भवानीदांनी समाधानाने मान हलवली. "नेमाचं दुसरं नाव डिंगी."

सुतपाने घास गिळला. तिच्याही आठवणीत तसंच होतं. पाऊस असो, संप असो, रविवारी मशीनचा खडखडाट. म्हणून तर तिला आपलं चुकणं इतकं लागलं होतं.

"पूर आला होता त्या साली," निरुपम म्हणाला, "गुडघाभर पाण्यात उभं राहून अंक काढला आम्ही. हे पण लिही."

"कुठला अंक?" बौदींचा पळा हवेतच थांबला. "पुरात मशीन खाटेवर खाट चढवून ठेवलं होतं मी. पाणी ओसरल्यावर खोली सुकायलाच महिना गेला. त्या मशीनवर मी सांडगे वाळत घातले होते, उडदाचे. तू पाव डझन पळवलेस."

"तो त्याच्या नंतरचा पूर."

"नंतरचा पूर आमच्या लेकीच्या, टुकूनच्या लग्नाच्या साली. तेव्हा तर कागदच नव्हता. रीम आणून ठेवले होते यांनी, ते सगळे लग्नात संदेश-मिठाई बांधायला गेले. पाहुणे घरी गेले ते डिंगीच्या कागदात मिठाई घेऊन."

"कोरा कागद होता," भवानीदा म्हणाले.

"म्हणूनच लोकांनी ठेवून घेतला."

ऊर्णाने हात वर केला. "थांबा, थांबा. म्हणजे पुराच्या साली एक नाही, लग्नाच्या साली एक नाही."

"लग्नाच्या साली दोन नाहीत," बौदी म्हणाल्या. "लग्न म्हणजे काय एका दिवसाचं काम असतं? आणि निरुपम रुसला होता ते साल?"

निरुपम वांग्याच्या फोडीकडे बघायला लागला.

"कशावरून रुसलात, काका?"

"काही नाही. माझी एक कविता मागे ठेवली होती यांनी."

"वाईट होती," भवानीदा म्हणाले.

"ठीक आहे, वाईट होती. पण मागे ठेवायच्या आधी सांगायचं. मी म्हटलं, मग माझ्याशिवाय काढा अंक. आणि निघालो."

"नुसता नाही निघाला," बौदी ऊर्णाकडे वळल्या. "मशीनचं हँडल काढून घेऊन गेला. हँडलशिवाय मशीन म्हणजे चाक नसलेली सायकल. चार-पाच महिने हँडल याच्या दुकानात पडलेलं. खिळ्यांच्या पेटीत."

"विकायला नव्हतं ठेवलं," निरुपम म्हणाला. "एक जण भाव विचारून गेला, तरी दिलं नाही."

सगळी पंगत हसली. खोकता खोकता भवानीदांनी डोळे पुसले. सुतपाचा हात मात्र पत्रावळीवर थांबला होता. तिच्या डोक्यात तारखा आपोआप जुळायला लागल्या होत्या, प्रयोगवहीतल्या आकड्यांसारख्या, थांबवता न येणाऱ्या.

"बौदी," तिने विचारलं, "हँडल नेलं ते कोणत्या महिन्यात?"

"पावसाळा नुकता लागला होता. रथयात्रेच्या सुमारास. का गं?"

"माझ्या बाबांना झटका आला, त्या साली?"

बौदींनी पळा पातेल्यात टाकला आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "त्याच साली. मी तुझ्या बाबांना बघायला आले होते, आणि वाटेत याच्या दुकानावर थांबून सांगितलं होतं, मेल्या, हँडल दे. नाही दिलं."

"मग त्या आषाढाचा अंक?"

"कसला आषाढाचा अंक? दुर्गापूजा आली आणि गेली तरी अंक नाही."

सुतपाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "पण मी कथा दिली नव्हती. त्या अंकाला."

"कुणीच काही दिलं नव्हतं," भवानीदा म्हणाले. मग त्यांनी माकडटोपी कानांवरून जरा वर केली, जणू तिचा चेहरा त्यामुळे नीट दिसणार होता. "तू त्याच सुमाराला यायची बंद झालीस. आम्हाला वाटलं, तू निरुपमच्या बाजूची आहेस."

"मला वाटलं, तू यांच्या बाजूची," निरुपम म्हणाला. "माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचीस. मासळीबाजाराकडून. मी दोनदा हाक मारली."

"मला ऐकू आली होती," सुतपा म्हणाली.

ऊर्णाने हलकेच विचारलं, "म्हणजे तुम्ही कथा दिली नाही म्हणून लिहिणं सोडलंत, सुतपादी? जो अंक निघालाच नाही, त्याच्यासाठी?"

"तुम्ही कुणी कथेची चौकशी केली नाही," सुतपा म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

"काय चौकशी करणार?" बौदी म्हणाल्या. "तू दिसत नव्हतीस, तसं कुणीच दिसत नव्हतं. मागच्या खोलीत उंदीर सोडले तर कुणी नव्हतं." मग त्या तिच्याजवळ आल्या आणि न विचारता पत्रावळीवर बोरांची चटणी वाढली. "खा. थंड होतंय."

सुतपाला हसू यायला हवं होतं, पण आधी राग आला. एका हँडलचा, एका वाईट कवितेचा, खिळ्यांच्या पेटीचा. इतकी वर्षं तिने मनात एक मासिक जपलं होतं, कधी न चुकलेलं, आणि त्याच्यापुढे आपली एकटीची चूक मांडून ठेवली होती. ते मासिक कुठेच नव्हतं. होतं ते हे. सांडग्यांचं, मिठाईच्या कागदांचं, रुसव्याफुगव्यांचं. आणि तरी, तिने मान वर करून पाहिलं, ही माणसं म्हातारी होऊन अजून एका पंगतीत बसलेली होती आणि अजून लिहीत होती.

"मग एकूण अंक किती निघाले, ते तरी सांगा," ऊर्णा काकुळतीला आली होती.

"शेवटच्या अंकावर जो आकडा आहे, तेवढे," भवानीदा म्हणाले. "अंक निघाला की त्याच्यावर पुढचा आकडा टाकायचो. मधे किती महिने गेले, ते अंकाला कुठे माहीत असतं?"

"आणि नेमाचं दुसरं नाव डिंगी?"

"ते पण लिही," भवानीदा म्हणाले. "छान वाटतं वाचायला."

जेवणं उरकल्यावर सुतपा गच्चीवर गेली. माघाचं ऊन मऊ झालं होतं. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पतंग दुरुस्त करत होतं, खालच्या चौकातून लाउडस्पीकरवरचं गाणं येत होतं, अर्धं वाऱ्याने खाल्लेलं. तिने टाकीच्या सावलीत बैठक मारली. पर्समधून वही काढली, चष्म्याच्या घरातून पेन्सिल. बौदींनी वह्या मागितल्याच नव्हत्या. पेन नाही तर वही काय करणार, असा त्यांचा हिशेब.

जिन्यात पावलं वाजली. निरुपम वर आला, तिला बघून चपापला, मग खिशातून विडी काढली.

"डॉक्टरांनी बंद केलीय," तो म्हणाला. "बौदींना सांगू नकोस."

"माझी पेन्सिल तूही सांगू नकोस."

त्याने वहीकडे पाहिलं, पेन्सिलकडे पाहिलं, आणि पाठ करून कठड्यापाशी उभा राहिला. "लिही. मी बघत नाही."

तिने कागदावर पेन्सिल टेकवली. काहीच येत नव्हतं. हिरणबाला घाटावर होती, पण आज ती घाटावर उभ्या असलेल्या बाईच्या चित्रासारखी वाटत होती. सुतपाला दिसत होता तो स्वयंपाकघरातला कॅलेंडरचा चौकोन.

"निरुपम, तुझं लिहिणं कधी बंद पडलं होतं?"

"दर वर्षी पडतं. पावसाळ्याआधी पत्र्यांची गिऱ्हाइकं येतात. दोन-तीन महिने डोकं वर काढता येत नाही."

"मग पुन्हा सुरू कसा करतोस?"

"वाईट." त्याने धूर सोडला. "पहिले चार खर्डे फेकायच्या लायकीचे असतात. ते बौदींना वाचून दाखवतो. त्या शिव्या देतात. त्यांच्या शिव्या ऐकल्या की पाचवा बरा येतो."

"आणि भीती नाही वाटत? की या वेळी येणारच नाही?"

"वाटते की. दर वर्षी वाटते." तो वळला. "तू कसली भीती धरून बसलीयेस?"

"उद्या उठेन आणि कादंबरी नसेलच."

"जाईल कुठे? बसस्टँडवर?"

तिला आता हसू आलं. पंगतीतलं राहिलेलं. निरुपमही हसला आणि विडी कठड्यावर चुरडून राख फुंकून टाकली, पुरावा राहू नये म्हणून.

"चैत्रात संपवायचीये मला," ती म्हणाली. "ते मी सोडणार नाही."

"कोण म्हणतंय सोड? आषाढात कथा दे म्हटलं होतं का कुणी तुला? तूच म्हणाली होतीस. तूच धरून बसलीस." मग त्याचा आवाज खाली आला. "हँडल द्यायला हवं होतं मी. बौदी आल्या होत्या तेव्हा."

"कविता खरंच वाईट होती का?"

"भयंकर होती," निरुपम म्हणाला.

तो गेल्यावर ती बराच वेळ तशीच बसली. वही उघडीच होती. लिहायचं म्हटलं असतं तर पान भरलं असतं, भाचीच्या मांडवामागे भरलं होतं तसं. ती पानं तिने परत वाचली होती. त्यात हिरणबाला नुसती इकडून तिकडे जात होती, कारण तारीख पडायची होती. तिने वही मिटली. ही काही शांती वगैरे नव्हती. पोहायला न येणाऱ्याने काठ सोडावा तसं वाटत होतं. पण तिने खाली येऊन देवीपुढच्या परातीत पेन्सिल टाकली.

टक्कन आवाज झाला. बौदी समईत तेल घालत होत्या.

"कुठे होती ही?"

"चष्म्याच्या घरात."

"तेव्हा वेणीत खोचायचीस," बौदी म्हणाल्या. वर न बघता.

सुतपा जागच्या जागी उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"वेणीतून पेन्सिलीचं टोक दिसायचं, गाढवे. मी म्हणायचे, लिहू दे. सरस्वती काय तुझ्यावर खटला भरणार होती?" त्यांनी वात सरळ केली. "पण कधी लिहिताना दिसली नाहीस. नुसती खोचून फिरायचीस दिवसभर, आणि जेवणातही लक्ष नाही."

रात्री तिला झोप बेताचीच लागली. पहाटे कुणाच्या तरी कोंबड्याने उठवलं तेव्हा पहिला विचार आला तो रिकाम्या चौकोनाचा. दुसरा, की अंगणात कुणीतरी केळी सोलतंय आणि दही आंबट निघालंय म्हणून बौदी गवळ्याचा उद्धार करतायत.

दही-पोह्यांचा नैवेद्य झाला. दौतीतलं दूध, बोरू, बेलाची पानं. ऊर्णाने बोरू उलटा धरला, तिला कुणी तरी सरळ करून दिला. "मनात काय धरायचं?" तिने विचारलं.

"जमेल असं धर," भवानीदा म्हणाले.

"नको, न जमणारं धर," निरुपम म्हणाला. "जमणारं तसंही होतं."

सुतपाने पानावर देवीचं नाव काढलं, जसं काढायचं असतं तसं, तीनदा. मनात चैत्र धरला. मोठ्यांदा काही बोलली नाही.

मग परात फिरली आणि ज्याचं पेन त्याला मिळालं. ऊर्णाने फोन सुरू केला आणि आईचे सतरा फोन येऊन गेलेले पाहून कपाळावर हात मारला. अंगणात विसर्जनाची गडबड सुरू होती. मूर्ती न्यायला सायकलव्हॅन आली होती, ढोल घेऊन आलेला ढाकवाला विड्या मागत होता, पोरांमध्ये मूर्तीच्या मागे कोण बसणार यावरून जुंपली होती. सुतपा ओसरीच्या पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी बसली आणि वही मांडीवर घेतली.

पहिलं वाक्य लाकडासारखं आलं. दुसरं त्याहून वाईट. तिने दोन्ही खोडली नाहीत. तिसऱ्यात हिरणबालाने पदर खोचला, ते जरा बरं होतं. नाव पलीकडून सुटलेली होती, इतके दिवस ती सुटलेलीच होती, आणि हिरणबाला वाट बघत होती असंच सुतपाने धरलं होतं. आता लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की हिरणबाला नावेची वाट बघतच नाहीये. तिला नाव येऊ नये असं वाटतंय. कादंबरीच्या सुरुवातीपासून वाटतंय. मागची किती पानं त्यामुळे बदलावी लागतील याचा हिशेब डोक्यात सुरू झाला, आणि तो हिशेब तिला आवडला. तिने भराभरा लिहायला घेतलं.

ढाक वाजायला लागला. व्हॅन हलली.

"सुतपा," बौदींनी फाटकातून हाक मारली. त्यांनी भवानीदांचा दंड धरला होता, किंवा भवानीदांनी त्यांचा. "येतेस की बसतेस? नदीपर्यंत मला यांना एकटीला ओढवत नाही."

"तिला लिहू द्या," निरुपम म्हणाला.

"लिहील आल्यावर. कादंबरी काय पळून जातेय?"

सुतपाने वहीकडे पाहिलं. हिरणबालाने पाण्यात पाय टाकला होता, वाक्य सरळ पुढे निघालं होतं, फक्त शेवटचं क्रियापद यायचं होतं. ते तिला ठाऊक होतं. चार अक्षरं. तिने टोपण लावलं, वही तशीच उघडी पायरीवर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर कुणाची तरी चप्पल ठेवली, आणि भवानीदांचा दुसरा दंड धरायला धावली.